घरच्या भाषेने उघडलेली दारं : क्नूड रासमुसेन

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ध्रुवीय प्रदेशातला शोधक म्हटलं की बर्फात झेंडा रोवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आज ओळख करून घेऊया ती झेंड्यापेक्षा गोष्टींच्या मागे धावलेल्या एका प्रवाशाची.

क्नूड रासमुसेन यांचा जन्म 7 जून 1879 रोजी ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील इलुलिसाट या छोट्या गावात झाला. सील आणि माशांवर जगणारं हे गाव. वडील डॅनिश धर्मोपदेशक, तर आईच्या घराण्यात इनुइट रक्त होतं. छोटा क्नूड गावातल्या मुलांबरोबरच वाढला. त्यांचीच भाषा बोलला, लहानपणीच कुत्र्यांची गाडी हाकायला शिकला. रात्री म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून जुन्या गोष्टी ऐकल्या. त्याची खरी पहिली शाळा हीच, बरं का!

पुढे शिक्षणासाठी डेन्मार्कला जावं लागलं. तिथे नट आणि गायक होण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मन उत्तरेकडेच ओढ घेत होतं. 1910 मध्ये मित्र पीटर फ्रॉइखेन यांच्याबरोबर त्यांनी वायव्य ग्रीनलंडमध्ये थूले नावाचं व्यापारी केंद्र उघडलं. कोल्ह्यांच्या कातड्यांच्या व्यापारातून जो पैसा मिळे, त्यातूनच मोहिमांचा खर्च निघू लागला.

सर्वांत मोठी मोहीम 1921 ते 1924 ची. तिच्यातला शेवटचा लांबलचक प्रवास हडसन उपसागराकडून थेट अलास्कातल्या नोमपर्यंतचा. सोबत होते फक्त दोघे ग्रीनलंडवासी : शिकारी मितेक आणि अर्नारुलुंग्वाक ही तरुणी. तिने शिवलेले कातड्याचे कपडे नसते, तर त्या थंडीत कुणीच टिकलं नसतं. त्यामुळे या प्रवासाचं श्रेय तिघांचं आहे.

वाटेत किनाऱ्यावरच्या लहान लहान वस्त्यांत ते मुक्काम करत. नेत्सिलिक लोक नदीत दगडांचा बांध घालून, समुद्रातून वर चढणारे मासे कसे अडवतात आणि भाल्याने कसे टिपतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. पण परक्या माणसाला मनातलं कोण सांगणार? रासमुसेन आधी ग्रीनलंडच्या गोष्टी सांगत. ऐकणारे चकित होत, कारण त्यातल्या कितीतरी त्यांच्याही घरच्याच असत! मग लोक आपणहून बोलू लागत. हजारो किलोमीटर दूर राहणारी ही माणसं मुळात एकाच भाषेच्या, एकाच गोष्टींच्या कुटुंबातली आहेत, हे त्यांना असं समजलं. बाहेरच्या व्यापाऱ्यांमुळे आणि मिशनऱ्यांमुळे तिथलं जगणं झपाट्याने बदलत होतं. म्हातारी माणसं गेली की गोष्टीही जाणार, म्हणून त्यांनी गाणी, कथा, श्रद्धा लिहून घेतल्या. मोहिमेचा अहवाल दहा खंडांत प्रसिद्ध झाला.

शेवटच्या मोहिमेत ते आजारी पडले आणि 21 डिसेंबर 1933 रोजी, वयाच्या 54 व्या वर्षी डेन्मार्कमध्ये त्यांचं निधन झालं. इलुलिसाटमधलं त्यांचं जन्मघर आज संग्रहालय आहे.

या चरित्रातून आपण काय घ्यायचं? वर्गात एखादं मूल घरच्या बोलीत उत्तर देतं, तेव्हा लगेच दुरुस्त करायची घाई नको. आधी ते काय सांगतंय ते ऐकूया. प्रमाणभाषा आपण शिकवूच, पण त्याच्या आजीची गोष्ट आपल्याला त्याच बोलीत मिळणार आहे.