विश्लेषण : गुरुत्वीय लहरींमागचा प्रकाश शोधणाऱ्या यंत्रणेला फ्रिट्झ झ्विकींचे नाव कशासाठी?

दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की गुरुत्वीय लहरी उठतात. ‘लायगो’सारख्या वेधशाळा त्या टिपतात, पण टक्कर आकाशात कुठे झाली हे त्यांना ढोबळमानानेच सांगता येते. नेमकी जागा कळायची तर तिथे उमटलेला प्रकाश दुर्बिणीने गाठावा लागतो आणि तो काही दिवसांतच मावळतो. अमेरिकेतील पालोमार वेधशाळेत २०१८ पासून या शोधात असलेल्या यंत्रणेचे नाव आहे ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’. गुरुत्वीय लहरींची पहिली नोंद २०१५ची; झ्विकी मात्र १९७४ मध्येच निवर्तले. मग त्यांचे नाव का?

झ्विकी कोण होते?

फ्रिट्झ झ्विकी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. वडील स्वित्झर्लंडचे. सहाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी आजी-आजोबांकडे ग्लारुसला पाठवण्यात आले. झुरिकमध्ये भौतिकशास्त्र शिकून १९२५ मध्ये ते अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत दाखल झाले आणि पुढे तिथेच राहिले. दीर्घिकांच्या समूहात न दिसणारे वस्तुमान असावे, हे त्यांनी १९३३ मध्ये मांडले. त्यालाच आज आपण कृष्णद्रव्य म्हणतो.

न्यूट्रॉन ताऱ्याची कल्पना कुठून आली?

न्यूट्रॉन या कणाचा शोध लागला १९३२ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांत झ्विकी आणि वॉल्टर बाडे यांनी असे सुचवले, की काही ताऱ्यांचा शेवट प्रचंड स्फोटाने होतो आणि मागे न्यूट्रॉनचा अतिघन गोळा उरतो. अशा स्फोटाला त्यांनी अतिनवतारा म्हटले. त्या काळी ही कल्पना फारशी कोणी मनावर घेतली नाही. झ्विकींचा स्वभावही फटकळ होता. सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. बाडेंशीही पुढे बिनसले.

पुरावा त्यांनी कसा मिळवला?

एका दीर्घिकेत असा स्फोट क्वचितच होतो. त्यामुळे एकाच दीर्घिकेवर नजर लावून बसण्यात अर्थ नव्हता. एकाच वेळी शेकडो दीर्घिका पाहायला हव्या होत्या. कॅलटेकच्या छतावर छोटा कॅमेरा लावून त्यांनी सुरुवात केली. हाती काही लागले नाही. मग १९३६ मध्ये पालोमारवर १८ इंची श्मिट दुर्बीण उभी राहिली. एका छायाचित्रात आकाशाचा मोठा भाग टिपणे हे तिचे वैशिष्ट्य. पद्धत सोपी, पण चिकाटीची : त्याच भागाचे छायाचित्र काही दिवसांनी पुन्हा घ्यायचे, जुन्याशी ताडून पाहायचे आणि नवा ठिपका हुडकायचा. १९३७ पासून यश मिळू लागले. हयातभरात त्यांनी सुमारे १२० अतिनवतारे शोधले.

त्यांची कल्पना खरी ठरली का?

ठरली, आणि त्यांच्या हयातीतच. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला पल्सार सापडला आणि पल्सार म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा, हे लवकरच स्पष्ट झाले. झ्विकींचे निधन ८ फेब्रुवारी १९७४ रोजी झाले. त्याच वर्षी एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची पहिली जोडी सापडली. अशाच जोड्या शेवटी एकमेकांवर आदळतात.

आजच्या शोधात त्यांचे काय उरले आहे?

पद्धत तीच आहे. काचेच्या तबकड्यांऐवजी आता ४८ इंची दुर्बिणीवरचा डिजिटल कॅमेरा आहे. तो एका दमात ४७ चौरस अंश आकाश टिपतो, म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र मावतील इतके. जुन्या-नव्या छायाचित्रांची वजाबाकी संगणक करतो.

१७ ऑगस्ट २०१७ च्या टक्करीचा प्रकाश चिलीतील दुर्बिणीला सुमारे ११ तासांत सापडला. सोने, प्लॅटिनमसारखी जड मूलद्रव्ये अशा टक्करींत घडतात, याचा भक्कम पुरावा त्यातूनच मिळाला. एप्रिल २०१९ च्या टक्करीची जागा मात्र आकाशाच्या जवळपास पाचव्या भागात कुठेही असू शकत होती. झ्विकींच्या नावाच्या यंत्रणेने मोठा भाग चाळला, तरी प्रकाश सापडला नाही.

भारताचा सहभाग काय?

लडाखमधील हानले येथे आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण याच शोधात आहे. अमेरिकेत दिवस असताना इथे रात्र असते, हा तिचा मोठा फायदा. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होऊ घातलेल्या ‘लायगो-इंडिया’ला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती सुरू झाल्यावर टक्करीची जागा अधिक नेमकी कळेल आणि दुर्बिणींना चाळावे लागणारे आकाश कमी होईल.