आठवणींची चित्रशाळा उभारणारे डी. व्ही. गुंडप्पा

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाची पुण्यातील संस्था मराठी वाचकांना चांगली परिचित आहे. १९३० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेत राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्राचे अध्ययन व संशोधन चालते. गोखले यांचेच नाव धारण करणारी दुसरी एक संस्था बंगळुरू शहरात, बसवनगुडी परिसरातील बुल टेम्पल मार्गावर आहे, ही गोष्ट मात्र महाराष्ट्रात फारशी कोणाला ठाऊक नसते. गोखले इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक अफेअर्स असे तिचे नाव असून १९४५ साली तिची स्थापना झाली. चांगले ग्रंथ एकत्र बसून वाचावेत, जाणकारांकडून ऐकावेत, त्यांवर चर्चा करावी आणि त्यातून सुजाण नागरिक घडावा, एवढाच तिचा मूळ हेतू होता. ही संस्था उभारणारे गृहस्थ मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. कन्नड साहित्यात डीव्हीजी या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा ते हेच.

गुंडप्पा यांचा जन्म १७ मार्च १८८७ रोजी तत्कालीन म्हैसूर संस्थानातील कोलार जिल्ह्यात, मुळबागल या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शालेय शिक्षण अर्धवट राहिल्यानंतर त्यांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात किरकोळ नोकरी करून पाहिली. पुढे पोटापाण्यासाठी ते बंगळुरूला आले. टांगे रंगविण्याच्या एका दुकानाशीही त्यांचा काही काळ संबंध आला होता, असे सांगतात. अखेरीस वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी त्यांना आसरा दिला. छापखान्याच्या सहवासात त्यांनी इंग्रजी भाषेवर प्रभुत्व मिळविले. शास्त्री-पंडितांच्या पायाशी बसून संस्कृत आणि वेदान्ताचा अभ्यास केला. हाती पडेल ते पुस्तक वाचावयाचे आणि ज्याच्याजवळ विद्या असेल त्याचे तोंडून ऐकावयाचे, हीच त्यांची शाळा आणि हेच त्यांचे महाविद्यालय होते. याच गुंडप्पांना म्हैसूर विद्यापीठाने १९६१ साली सन्माननीय डी. लिट. पदवी प्रदान केली.

१९१३ साली त्यांनी 'कर्नाटक' हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्या वेळी म्हैसूरचे दिवाण होते. गुंडप्पांचा त्यांच्याशी निकटचा स्नेह जडला, तरी पत्रकार म्हणून दरबारापासून आवश्यक ते अंतर राखण्याची दक्षता त्यांनी आयुष्यभर घेतली. संस्थानी प्रजेचे राजकीय हक्क हा त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय होता. ब्रिटिश मुलखातील राष्ट्रीय चळवळीकडे साऱ्या देशाचे लक्ष असताना, संस्थानांच्या हद्दीत राहणाऱ्या कोट्यवधी लोकांचे भवितव्य काय, हा प्रश्न त्यांनी सातत्याने मांडला. पुढे १९२६ ते १९४० या काळात ते म्हैसूरच्या विधान परिषदेचे सदस्य होते.

गोखले यांच्याविषयी त्यांना विलक्षण आदर होता. कोकणातील कोतळूक येथे जन्मलेल्या आणि १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन करणाऱ्या या नेत्याचे चरित्र गुंडप्पांनी कन्नडमध्ये लिहिले. गोखले यांच्यानंतर समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री हेही गुंडप्पांना गुरुस्थानी होते. सार्वजनिक कार्य हे देवपूजेइतक्याच शुचितेने करावयाचे असते, गोखले यांच्या परंपरेतील ही शिकवण गुंडप्पांनी शब्दशः घेतली. तिची किंमत त्यांच्या घराला मोजावी लागली.

या संदर्भात त्यांच्या पत्नी भागीरथम्मा यांची एक आठवण कर्नाटकात आजही आवर्जून सांगितली जाते, आणि ती स्वतः गुंडप्पांनीच लिहून ठेवली आहे. परिचितांच्या घरी एक समारंभ होता. गुंडप्पा घरी परतले तेव्हा मुले तिकडे गेली होती, भागीरथम्मा मात्र घरीच होत्या. कारण विचारता त्यांनी प्रथम टाळाटाळ केली. मग सांगितले, की नेसण्याजोगे धड लुगडे नाही. फाटक्या वस्त्रानिशी चारचौघींत गेल्यास पतीच्या लौकिकाला बाधा येईल आणि तो लौकिक जपणे हे आपलेही काम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नाव कमावलेल्या संपादकाच्या घरात दुसरे लुगडे नसावे, यावर भाष्य करण्याचे गुंडप्पांनी टाळले आहे. प्रसंग जसा घडला तसा सांगून ते थांबतात. १९२४ साली भागीरथम्मांचे अकाली निधन झाले. गुंडप्पा तेव्हा सदतीस वर्षांचे होते. पदरी लहान मुले असूनही त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

कवी म्हणून गुंडप्पांची कीर्ती 'मंकुतिम्मन कग्ग' या ग्रंथामुळे घरोघरी पोहोचली. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या या ९४५ पद्यांच्या संग्रहाचे पठण आणि गायन कर्नाटकात आजही होते. तथापि त्यांच्या कार्याचा दुसरा भाग, म्हणजे गद्य ग्रंथांचे वाचन, श्रवण आणि लेखन, हा अधिक मोलाचा म्हणावा लागेल.

श्रवणाचे महत्त्व मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको. पोथीवाचन आणि कीर्तन यांनी अक्षरओळख नसलेल्यांनाही ग्रंथांशी जोडून ठेवले होते. कर्नाटकात हेच कार्य गमक या कलेने केले. काव्य रागदारीत वाचून दाखवावयाचे आणि सोबत दुसऱ्याने अर्थ उलगडून सांगावयाचा, असे तिचे स्वरूप असते. १९३० च्या दशकात कन्नड साहित्य परिषदेचे उपाध्यक्ष असताना गुंडप्पांनी गमकाचे वर्ग आणि वसंत साहित्योत्सव यांना चालना दिली. पुढे गोखले संस्थेच्या अभ्यास मंडळात त्यांनी हाच श्रवणाचा मार्ग गद्य ग्रंथांसाठी वापरला. भगवद्गीता आणि रामायण तेथे होतेच. त्यांच्याच जोडीला राज्यशास्त्र आणि थोरांची चरित्रेही त्यांनी तितक्याच गांभीर्याने वाचावयास घेतली. मतदानाचा हक्क मिळणे सोपे, तो वापरण्याची बुद्धी येणे कठीण, अशी त्यांची धारणा होती. स्वातंत्र्य दृष्टिपथात आले असताना कोणत्याही पक्षाला बांधलेले नसलेले वाचनाचे स्थान निर्माण करण्यामागे हीच काळजी दिसते. गीतेवरील त्यांच्या व्याख्यानांतून सिद्ध झालेल्या ग्रंथाला १९६७ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एका अर्थाने तो श्रोत्यांसमोर बोलून तयार झालेला ग्रंथ आहे.

याच काळात 'ज्ञापक चित्रशाले' ही त्यांची आठवणींची मालिका आकाराला आली. नावाचा अर्थ आठवणींची चित्रशाळा. मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९३० च्या दशकात प्रसिद्ध झालेला तो ग्रंथही औपचारिक शिक्षण न मिळालेल्या व्यक्तीने लिहिला होता आणि त्याच्याही नावात चित्र हा शब्द आहे. दोहोंतील फरक मात्र मोठा आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे आयुष्य निःसंकोचपणे उघडे केले. गुंडप्पांनी आठ खंड लिहिले आणि त्यांत प्रामुख्याने इतरांचीच आयुष्ये सांगितली. स्वतंत्र आत्मचरित्र त्यांनी लिहिलेच नाही. भागीरथम्मांच्या लुगड्यासारखा एखादा प्रसंग दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगता सांगता येऊन जातो, तेवढेच लेखकाचे दर्शन.

या चित्रशाळेत कोण नाही? एका खंडात कलोपासक आहेत. वीणा शेषण्णा आणि बिडारम कृष्णप्पा यांच्यासारख्या कलावंतांच्या मैफली ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या काळातील असल्याने बहुतांशी हवेतच विरून गेल्या. त्या कशा होत्या, कलावंत कसे बसत, श्रोत्यांशी कसे वागत, हे कळण्यास गुंडप्पांसारख्या रसिकांच्या आठवणी हाच आधार उरतो. एक खंड वैदिक परंपरेतील विद्वानांना आणि एक मोठ्या मनाच्या माणसांना वाहिलेला आहे. या शेवटच्या वर्गात प्रसिद्धीचा काही संबंध नाही. गावातील, नात्यातील आणि शेजारपाजारची साधी माणसे तेथे मानाने बसलेली आढळतात. त्यांपैकी अनेकांची नोंद इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात होण्याचा संभव नव्हता.

म्हैसूरच्या दिवाणांवरील खंड महाराष्ट्रातील वाचकाने अवश्य पाहण्याजोगा आहे. म्हैसूरच्या कारभारात तंजावरकडील मराठी घराण्यांचा मोठा वाटा होता. १९०६ ते १९०९ या काळातील दिवाण व्ही. पी. माधवराव हे तंजावरी मराठी होते आणि पुढे ते बडोद्याचेही दिवाण झाले. त्यांच्यानंतर आलेले टी. आनंदराव हे बडोद्याचे ख्यातनाम दिवाण सर टी. माधवराव यांचे चिरंजीव. दिवाणांच्या कारकिर्दी सरकारी अहवालांत मिळतात. त्यांचा स्वभाव, त्यांची घरे, विरोधकांशी त्यांची वागणूक या गोष्टी अहवालांत मिळत नाहीत. पत्रकार म्हणून त्यांच्या धोरणांवर टीका करणाऱ्या माणसाने त्या लिहाव्यात, आणि त्याही आकस न ठेवता, हे विशेष होय.

विश्वेश्वरय्या यांचे उदाहरण बोलके आहे. पुण्यात शिकलेल्या आणि खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्रात नावाजलेल्या या अभियंत्याने स्वतःच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. त्या १९५१ साली प्रसिद्ध झाल्या. कामाचा हिशेब म्हणून ते पुस्तक चोख आहे. धरणे, कारखाने, योजना, समित्या सर्व यथासांग. त्यात माणूस मात्र फारसा सापडत नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तो सापडतो गुंडप्पांच्या लेखनात. कडक शिस्तीचा, वेळेचा काटेकोर, मित्राशी मतभेद झाला तरी मैत्री न तोडणारा विश्वेश्वरय्या तेथे भेटतो. स्वतःविषयी लिहिताना थोर माणसे जे वगळतात, ते टिपण्यासाठी शेजारी एखादा सावध वाचक-श्रोता असावा लागतो.

या लेखनाला मर्यादा नाहीत असे नव्हे. गुंडप्पांची नजर मुख्यतः गुणांवर स्थिरावते. जुन्या म्हैसूर संस्थानातील सुशिक्षित, बहुतांशी ब्राह्मण वर्गाचे जग तेथे अधिक ठळक आहे आणि त्याबाहेरील समाजाला तुलनेने कमी जागा मिळाली आहे. इतिहास म्हणून वाचताना याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. मात्र स्मरणशक्तीचा पल्ला, तपशिलांची विश्वसनीयता आणि भाषेतील सौम्य विनोद या बाबतीत आधुनिक कन्नड गद्यात या मालिकेचे स्थान वरचे मानले जाते. कर्नाटक शासनाच्या कन्नड व संस्कृती विभागाने गुंडप्पांचे समग्र साहित्य पुढे ११ खंडांत प्रकाशित केले. त्यात या आठवणींचाही समावेश आहे.

१९७० साली बंगळुरूच्या नागरिकांनी त्यांचा जाहीर सत्कार केला आणि लाखाच्या घरातील रकमेची थैली अर्पण केली. ती सर्व रक्कम गुंडप्पांनी तत्काळ गोखले संस्थेच्या स्वाधीन केली. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविले. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्यांच्या पेटीत सरकारकडून आलेले आणि कधीच न वटविलेले धनादेश सापडले, असे सांगण्यात येते. १९८८ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. बसवनगुडीतील एका रस्त्याला त्यांचे नाव असून तेथील ब्यूगल रॉक उद्यानात त्यांचा पुतळा आहे.

त्यांचे चिरंजीव बी. जी. एल. स्वामी आईच्या निधनाच्या वेळी अवघे सहा वर्षांचे होते. पुढे ते नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. विद्यार्थ्यांना घेऊन रानावनांत केलेल्या वनस्पतींच्या शोधावर त्यांनी 'हसुरु होन्नु', म्हणजे हिरवे सोने, हे पुस्तक लिहिले आणि त्याला १९७८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तेही कथा-कादंबरीत न मोडणारे पुस्तक आहे, आणि त्यातही लेखकापेक्षा त्याचे विद्यार्थी आणि झाडेच अधिक दिसतात.