व्हेलोसिओंचा घाट : सायकलीचा आनंद आणि सरावाची शिस्त

फ्रान्समधील सेंत-एतिएन शहरातून निघणारा एक रस्ता सुमारे तेरा किलोमीटर चढत जातो आणि 1161 मीटर उंचीवरच्या खिंडीत पोहोचतो. त्या खिंडीत एका माणसाचे स्मारक आहे. त्याच्या नावाने या घाटात सायकलस्वारांचा मेळावा भरू लागला तो त्याच्या हयातीतच. विशेष म्हणजे या माणसाच्या नावावर एकही मोठी शर्यत नाही. तो ना जगज्जेता होता ना व्यावसायिक खेळाडू. तो रेशमाचा व्यापारी होता आणि सायकल हाती आली तेव्हा त्याने अठ्ठाविशी गाठली होती. त्याचे नाव पॉल द व्हिव्ही. सायकलीच्या जगात मात्र ते व्हेलोसिओ या टोपणनावानेच ओळखले जातात.

आज त्यांची आठवण काढण्याला कारण आहे. लातूर, नांदेड, उदगीरच्या रस्त्यांवर पहाटे हेल्मेट घालून निघालेले सायकलस्वार आता सर्रास दिसतात. देवणीसारख्या तालुक्याच्या गावातही गिअरची सायकल नवलाची राहिलेली नाही. यात दोन प्रकारची मंडळी आढळतात. काही जण आठवडाभर सायकलीला हात लावत नाहीत आणि रविवारी एकदम ऐंशी-शंभर किलोमीटर मारून येतात. सोमवारी गुडघे धरतात. दुसऱ्यांना मोबाइलमधल्या आकड्यांनी झपाटलेले असते. रोजची रपेट ही त्यांची शर्यतच असते. सहा महिन्यांत उत्साह संपतो आणि सायकल गच्चीवर धूळ खात पडते. पहिल्यांकडे आनंद आहे, सराव नाही. दुसऱ्यांकडे सराव आहे, आनंद उरलेला नाही. व्हेलोसिओंनी या दोन्हींची सांगड सुमारे पन्नास वर्षे घातली.

रेशमाच्या पेढीतून सायकलीवर

पॉल द व्हिव्ही यांचा जन्म 1853 मध्ये दक्षिण फ्रान्समधील पेर्न या गावी झाला. शिक्षणानंतर ते रेशमाच्या धंद्यात उमेदवारी करू लागले आणि तिशीच्या आतच त्यांनी स्वतःचा व्यवसाय उभा केला. सेंत-एतिएन हे कोळसा, बंदुका आणि रेशमी फिती यांसाठी प्रसिद्ध असलेले शहर. पेढी, हिशेब, ग्राहक आणि घरसंसार असे त्यांचे आयुष्य चारचौघांसारखेच चालले होते.

1881 मध्ये त्यांनी पहिली सायकल घेतली. पुढचे चाक भलेमोठे आणि मागचे लहान, अशी ती त्या काळातली उंच सायकल होती. सहा तासांत शंभर किलोमीटर जाऊन दाखव, असे एका मित्राने आव्हान दिले. व्हिव्ही डोंगराळ मुलखातून ला शेझ-द्यू या गावापर्यंत, म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटर, सहा तासांत पोहोचले. आव्हान अगदी तंतोतंत पुरे झाले नाही, पण त्या दिवशी डोंगरातल्या हवेची आणि उघड्या रस्त्याची जी गोडी लागली ती कायमची.

सहा वर्षांनी त्यांनी रेशमाचा धंदा सोडला. सेंत-एतिएनमध्येच सायकलींचे दुकान काढले आणि 1887 मध्ये सायकलस्वारांसाठी एक मासिक सुरू केले. ते पुढे ल सिक्लिस्त या नावाने गाजले. त्यात ते व्हेलोसिओ या नावाने लिहीत. कुठे गेलो, किती चढलो, काय खाल्ले, कुठे दम लागला, दुसऱ्या दिवशी अंग कसे होते, याची नोंद ते एखाद्या वैज्ञानिकाच्या काटेकोरपणे ठेवत. प्रयोगशाळा रस्त्यावर होती आणि प्रयोग स्वतःच्या शरीरावर.

गिअर म्हणजे कमीपणा?

त्या काळातल्या सायकलींना एकच गिअर असे. सपाटीवर ठीक, पण घाट आला की उभे राहून पायडल दाबायचे किंवा उतरून ढकलायचे. व्हेलोसिओंनी आधी पुढे दोन चकत्या बसवल्या. चढ आला की थांबायचे आणि हाताने चेन एका चकतीवरून दुसरीवर घ्यायची. पुढे त्यांनी अनेक प्रकारचे गिअर तपासले, बनवले आणि त्यांचा प्रसार केला. आजच्या गिअरच्या सायकलीमागे ज्या मोजक्या लोकांचे श्रम आहेत त्यांत ते अग्रभागी आहेत.

1902 मध्ये पिरेनीज पर्वतातील तूरमाले या 2115 मीटर उंचीच्या घाटात सायकलींची एक चाचणी झाली. तिथे मार्त हेस ही महिला तीन गिअरची सायकल घेऊन उतरली आणि चढावर एकदाही पाय न टेकता पार गेली. तरीही विरोध थांबला नाही. पुढच्याच वर्षी टूर द फ्रान्स सुरू करणारे संपादक आँरी देग्राँज यांनी गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत अशी संभावना केली. जिंकायचे ते स्नायूंच्या जोरावर, यंत्राच्या नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. टूरमध्ये अशा गिअरना परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये.

शरीरशास्त्र मात्र व्हेलोसिओंच्या बाजूने आहे. जड गिअरवर पाय हळू फिरतात आणि प्रत्येक फेरीला मांडीच्या स्नायूंना व गुडघ्याच्या वाटीला मोठा जोर सोसावा लागतो. त्यात लवकर थकणारे स्नायुतंतू कामाला लागतात आणि स्नायूंतला साखरेचा साठा भराभर संपतो. हलक्या गिअरवर मिनिटाला 70 ते 90 फेऱ्या मारल्या, तर तेच काम हृदय आणि फुप्फुसे वाटून घेतात व गुडघा वाचतो. आजही गुडघेदुखी घेऊन येणाऱ्या सायकलस्वाराला पहिले दोन प्रश्न विचारावे लागतात. सीटची उंची बरोबर आहे का, आणि चढावर गिअर हलका करता का? दुसऱ्या प्रश्नावर अनेक जण ओशाळतात. हलका गिअर म्हणजे कमीपणा हा समज शंभर वर्षांनंतरही मेलेला नाही.

अनुभवातून आलेले नियम

व्हेलोसिओ मवाळ सायकलस्वार होते असे कोणी समजू नये. तीन-चारशे किलोमीटरच्या, रात्रही सायकलीवरच काढलेल्या रपेटी त्यांनी चाळिशी-पन्नाशीनंतर केल्या. शहराबाहेरचा तो घाट तर त्यांच्या नेहमीच्या पायाखालचा. पण एवढे श्रम करून हा माणूस सत्तरीतही त्याच आवडीने सायकलीवर होता. त्याचे रहस्य त्यांनी नवशिक्यांसाठी घालून दिलेल्या सात नियमांत आहे.

पहिला नियम थांब्यांचा. थांबे थोडे आणि छोटे असावेत, म्हणजे लय मोडत नाही. दुसरा खाण्याचा. भूक लागण्याआधी थोडे खावे, तहान लागण्याआधी थोडे प्यावे. शरीरात साखरेचा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो आणि जोरात सायकल चालवली तर तो दीड-दोन तासांत तळाला जातो. मग पाय अचानक शिशाचे होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून तासाभरानंतर दर अर्ध्या तासाला एखादे केळे, दोन-तीन खजूर, गूळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा धपाट्याचा तुकडा पोटात जायला हवा. पाण्याबाबत आजचे शास्त्र एक पुस्ती जोडते. घोट-घोट प्यावे, पण तासन्‌तास नुसते पाणी ढोसू नये. घामातून मीठही जाते. मराठवाड्याच्या उन्हात मीठ-साखरेचे पाणी जवळ असलेले बरे.

तिसरा नियम डॉक्टरांना सर्वांत जवळचा वाटावा. भूक मरेल आणि झोप उडेल इतके कधीही थकू नये, असे व्हेलोसिओ सांगत. अतिसरावाची लक्षणे म्हणून आज वैद्यकशास्त्र हेच सांगते : भूक मंदावते, झोप लागत नाही, चिडचिड होते, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा जलद चालते. नाडी मोजायला घड्याळ लागते, पण भूक आणि झोप कळायला काहीच लागत नाही.

चौथा नियम कपड्यांचा. थंडी वाजण्याआधी अंगावर घालावे, उकडण्याआधी काढावे आणि ऊन-वाऱ्याची अंगाला सवय करावी. पाचवा, निदान रस्त्यावर असेपर्यंत दारू, मांस आणि तंबाखू वर्ज्य. ते स्वतः शाकाहारी झाले होते. सायकल चालवायला शाकाहारी व्हावेच लागते असे नाही, पण रपेटीच्या मध्यावर ढाब्यावरचे जड जेवण पायांना भोवते, हे खरे. दारू आणि तंबाखूबद्दल तर मतभेदाला जागाच नाही.

सहावा नियम सरावाचा. जोर करू नये, आपल्या कुवतीच्या आत राहावे, विशेषतः सुरुवातीच्या तासांत, जेव्हा अंगात ताकद भरलेली वाटते. देवणीच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नव्या गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी दिवसभर औताला जुंपत नाही. आधी हलके काम, मग थोडे जास्त, मध्ये विसावा. तो मजबूत होतो तो विसाव्यात. माणसाचे स्नायूही ताणातून सावरताना बळकट होतात, ताण सुरू असताना नव्हे.

सातवा आणि शेवटचा नियम : दिखाव्यासाठी पायडल मारू नये.

ताकद आणि पल्ला

व्हेलोसिओ सत्तरीत असताना, 15 ऑक्टोबर 1923 रोजी, आपल्या मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासाला निघाले. ते वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य होते. म्हणजे शिस्तीच्या व्यायामाने कमावलेले शरीर त्यांच्याकडे होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे 71 हजार किलोमीटर कापून मार्च 1928 मध्ये परतले. व्यायामशाळेतली ताकद आणि लांबचा पल्ला एकमेकांचे वैरी नाहीत, याचे यापेक्षा जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

सामान्य सायकलस्वाराने हा मेळ कसा घालावा? आठवड्यातले चार दिवस पुरतात. त्यांतले दोन दिवस पाऊण ते एक तास सावकाश, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. या संथ सरावाने स्नायूंतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या पेशीघटकांची आणि केशवाहिन्यांची संख्या वाढते आणि शरीर चरबी जाळायला शिकते. एक दिवस जोराचा. पंधरा मिनिटे अंग गरम करून चार मिनिटे धाप लागेल असे, मग तीन मिनिटे अगदी हळू, असे चार वेळा. याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. चौथा दिवस लांबच्या रपेटीचा. त्या दिवशी आकडे घरी ठेवावेत. उदगीरचा किल्ला पाहावा, टपरीवर चहा घ्यावा, मित्रांशी गप्पा माराव्यात. पल्ला मात्र दर आठवड्याला थोडाच वाढवावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. या बेताने जोराचा दिवस रविवारचा चढ सोपा करतो आणि रविवारची मजा पुढच्या आठवड्याच्या सरावाला उभारी देते.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी जोराचा सराव सुरू करण्याआधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांबच्या रपेटीला साखर खिशात ठेवावी आणि डोसबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे. चालवताना छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली, तर तिथेच उतरावे आणि थेट दवाखाना गाठावा. उरलेले दहा किलोमीटर पुरे करण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

शेवटचा दिवस

व्हेलोसिओ वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षात होते. अभ्यासाची आवड शेवटपर्यंत टिकली होती. प्राचीन लॅटिन ग्रंथ ते वाचत, एस्पेरांतो या जागतिक भाषेचा प्रसार करत. 1930 मध्ये एके दिवशी सेंत-एतिएनच्या रस्त्यावर ते सायकल हातात धरून चालत होते. समोरून गाडी आली म्हणून ते मागे सरले आणि मागून येणाऱ्या ट्रामची धडक बसली. त्यातच त्यांचा अंत झाला. इतकी वर्षे घाटांनी, थंडीने, रात्रीच्या अंधाराने ज्यांना काही केले नाही, त्यांना शहरातल्या रहदारीने गाठले.

आपल्याकडे गळिताच्या हंगामात पहाटे उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांतल्या अनेकींना मागे दिवा नसतो. हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि चमकणारा पट्टा हाही सरावाचाच भाग मानला पाहिजे.

घरी परतल्यावर अ‍ॅप उघडण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. कडकडून भूक लागली आहे का, रात्री गाढ झोप लागते का, आणि पुन्हा सायकल काढावीशी वाटते का? तिन्हींचे उत्तर होय असेल, तर सराव बरोबर चालला आहे. एकाचेही उत्तर नाही असे आले, तर पुढचा आठवडा हलका घ्यावा. घाट कुठे जात नाही.