गळा पाहून पद : देवगंधर्व भास्करबुवा बखले

हुबळीहून धारवाडला सडकेने निघाले की वाटेत रायापूर लागते. आज ते जुळ्या शहराच्या वस्तीत मिसळून गेले आहे. तेथून थोड्याच मैलांवर धारवाड. मुंबई इलाख्याच्या काळात तेथे शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज होते, आणि भावी गुरुजींना सूर-ताल शिकविण्यासाठी एक मराठी गवई काही वर्षे त्या कॉलेजात नोकरीस होते. तेच पुढे देवगंधर्व म्हणून गाजलेले भास्करबुवा बखले. मोठमोठ्या मैफली जिंकणारा हा माणूस वर्गात उभा राहून मुलांचे सूर दुरुस्त करीत असे, याचे आज नवल वाटते. परंतु बुवांचे पूर्वायुष्य ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते वाटणार नाही. कोणाच्या गळ्यात काय आहे आणि त्या गळ्याला काय द्यावे, हा प्रश्न बुवांना लहानपणीच फार कठोरपणे भेटला होता.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची गरिबी होती. शिकण्यासाठी मुलगा बडोद्यास आला आणि तेथे कीर्तनकार विष्णुबुवा पिंगळे यांच्याजवळ गाण्याचे पहिले धडे घेऊ लागला. आवाज मूळचाच गोड आणि उंच. असा आवाज त्या काळी फार दिवस झाकून राहत नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणल्यापासून सगळ्या महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लागले होते. स्त्रीभूमिका पुरुषच करीत, आणि बडोद्याहूनच आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रेच्या पदांनी प्रेक्षकांना पागल करून सोडले होते. चांगल्या गळ्याच्या पोराची वार्ता लागली की नाटक मंडळीचे कान टवकारत. लहानगा भास्कर असाच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला.

मंडळीत मुलगा घ्यायचा म्हणजे त्याला गायला लावायचे, हे ओघानेच आले. त्या परीक्षेत काय पाहत असत, हे त्या काळच्या नाटकगृहांचा विचार केला म्हणजे ध्यानात येते. ध्वनिक्षेपक नव्हते. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वतःच्या बळावर पोचला पाहिजे. शब्द असा उच्चारला पाहिजे की पद प्रथमच ऐकणाऱ्याला अर्थ कळावा. नाटक रात्रभर चालायचे आणि वन्समोअर मिळाला तर तेच पद पुन्हा तितक्याच ताकदीने गायचे. म्हणून परीक्षेसाठी पद निवडताना मुलाने आपल्या आवाजाची उंची आणि दम पाहायचा असतो. परंतु कोवळ्या वयात हे कोणाला सुचते? जे पद गाजत असेल तेच म्हणावे, असे प्रत्येकालाच वाटते.

भास्करला ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका मिळाली आणि तिने त्याचे नाव केले. मंडळीचा मुक्काम इंदुरास असता थोर बीनकार बंदे अली खाँ यांनी त्याचे गाणे ऐकले आणि प्रसन्न होऊन त्याला आपला गंडाबंध शागीर्द केले. नाटकात पदे म्हणणाऱ्या पोराला बंदे अलींसारखा गुरू लाभावा, हे भाग्यच म्हणावयाचे.

पण हे दिवस फार टिकले नाहीत. वयात येताच आवाज फुटला. मुलाचा आवाज फुटतो तेव्हा तो जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो आणि काही काळ कोणत्याच सुरावर ठरत नाही. काल जी जागा सहज लागत होती तेथे आज घसा चिरकतो. कैकेयीची पदे जशीच्या तशी उरली आणि ती गाणारा गळा मात्र नाहीसा झाला. नाटक मंडळीचा संसार तिकिटांवर चालणारा. तिला न गाणाऱ्या गायकनटाचा उपयोग नव्हता. ज्याच्यासाठी लोक येत होते तो पोरगा अडगळीत पडला आणि अखेर मंडळीतून बाहेर पडला.

येथे पुष्कळांची कहाणी संपते. त्या काळच्या मंडळ्यांतून आवाज फुटल्यावर किती पोरे हरवली, याची कोणी नोंद ठेवली नाही. भास्करबुवांनी मात्र हा नवा, जाड, ओबडधोबड गळा घेऊन पहिल्यापासून शिकावयास सुरुवात केली. बडोद्यास फैज महंमद खाँ यांच्याजवळ राहून त्यांनी ग्वाल्हेरची तालीम घेतली. गुरूची सेवा करावी, पडतील ती कामे करावीत आणि मिळेल तेवढे गाणे पदरात पाडून घ्यावे, असा तो काळ होता. पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांची तालीम मिळाली आणि त्यानंतर अल्लादिया खाँसाहेबांची. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात उतरली आणि तरीही ती गोधडी झाली नाही, यातच बुवांचे मोठेपण आहे. त्यांचा लौकिक पंजाबापर्यंत पोचला आणि दिलीपचंद्र वेदींसारखा पंजाबी शिष्य त्यांच्याकडे येऊन राहिला.

धारवाडची नोकरी याच वाटचालीतली. तो सगळा मुलूखच गळ्यांचा आहे. जवळच्या कुंदगोळचे रामभाऊ हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, आणि तेही नाटकांतून भूमिका करून सवाई गंधर्व झाले. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन लहानपणी वामनराव मास्तरांच्या कानडी नाटक कंपनीत गात होते. स्वतः अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांनी आपल्या नाटकांत कानडी चालीही आणल्या. मराठी आणि कानडी रंगभूमीची सरमिसळ या मातीत पूर्वीपासूनच आहे.

बुवांनी रंगभूमी सोडली होती, पण रंगभूमीने त्यांना सोडले नाही. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. आवाज फुटण्याचे वय मागे टाकूनही त्यांच्या गळ्यातले मार्दव कायम होते. जी परीक्षा भास्करच्या वाट्याला अर्ध्या वाटेत आली, ती नारायणरावांची आधीच होऊन गेली होती. त्यांनी बुवांना गुरू केले. पदाची केवळ चाल शिकवून बुवांचे समाधान होणारे नव्हते. ती ज्या रागातून आली तो राग शिष्याच्या गळी उतरला पाहिजे, असा त्यांचा बाणा होता.

१९११ साली ‘मानापमान’ आले. त्याच्या चाली बुवांचेच शिष्य गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीचा लाडिकपणा होता आणि लोकांनी ती पदे डोक्यावर घेतली. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तिच्यासाठी खाडिलकरांनी ‘स्वयंवर’ लिहिले आणि चाली देण्याचे काम बुवांकडे आले. १० डिसेंबर १९१६ रोजी मुंबईस त्याचा पहिला प्रयोग झाला.

यमन, भूप, बिहाग, भीमपलास असे भारदस्त राग आणि ख्यालाच्या अस्सल चिजा बुवांनी नाटकात आणल्या. यात धोका उघड होता. ‘मानापमाना’च्या नखऱ्याला सरावलेल्या प्रेक्षकाला हे गाणे जड वाटले असते तर नवी मंडळी अडचणीत आली असती. परंतु रुक्मिणी ही राजकन्या, तिच्या मनाचा निश्चय झालेला, आणि ती गाणारा गळा बालगंधर्वांचा. या तिन्हींचा मेळ बुवांना आधीच दिसला होता. भूमिकेचा स्वभाव, रागाचा स्वभाव आणि गाणाऱ्याच्या गळ्याचा स्वभाव एक झाला म्हणजे अवघड गाणेही अवघड वाटत नाही. प्रेक्षकांनी रुक्मिणीला जे वन्समोअर दिले त्यांत निम्मा वाटा या निवडीचा होता. त्या पदांवर पुढच्या पिढ्यांचे कान तयार झाले.

बुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापिला. मास्तर कृष्णरावांसारखा शिष्य त्यांनी घडविला. तेही बालवयात नाटकात गाणारे. अशा मुलाच्या गळ्याला केव्हा जपावे आणि केव्हा राबवावे, हे बुवांइतके कोणाला कळणार! ८ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी बुवा गेले. त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. ते ऐकायचे तर शिष्यांच्या गाण्यातून आणि ‘स्वयंवरा’च्या पदांतून.

आजही संगीत नाटकासाठी गळ्यांची चाचणी होते, नाट्यगीतांच्या स्पर्धा होतात. स्पर्धक बहुधा बालगंधर्वांचे किंवा दीनानाथांचे गाजलेले पद निवडतात, ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक हरकत घोटून येतात आणि पहिल्याच तारसप्तकात अडकतात. पद उत्तम असते, पण ते दुसऱ्याच्या गळ्यासाठी बांधलेले असते. आपला षड्ज कोठे आहे, शब्द कोणत्या पट्टीत मोकळा सुटतो, मागितलेली भूमिका मानिनीची की भोळीची, एवढे पाहून साधेसे पद उचलले तर परीक्षकाला गाणारा दिसतो. एरवी त्याला फक्त मूळ गायकाची आठवण होते. कैकेयीची पदे गमावलेल्या पोराने तीस वर्षांनी रुक्मिणीची पदे दिली, ती हे मर्म जाणल्यामुळेच. धारवाडच्या वाटेने जाताना रायापूर लागले, की या मास्तरांचे स्मरण व्हावे.