ऑटो ब्राइटनेसचा आजोबा आणि आजीची चूल

उन्हात फोन काढला की स्क्रीन आपोआप उजळते, अंधारात मंद होते. समोरच्या कॅमेऱ्याजवळचा बारीकसा सेन्सर प्रकाश मोजतो म्हणून हे जमतं. पण चिप नव्हती तेव्हाही असं काम धातूच्या चार दांड्यांनी केलंय! ते करून घेणारे होते गुस्ताफ दालेन.

दालेन १८६९ साली स्वीडनमधल्या स्टेन्स्टॉर्प गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. आपल्याकडे डेअरीवर दुधाचं फॅट तपासतात ना, तसं एक यंत्र त्यांनी तरुणपणीच बनवलं. मग ते इंजिनिअर झाले.

तेव्हा समुद्रातले काही दिवे ॲसिटिलीनवर जळायचे. कार्बाइडवर पाणी पडलं की निघतो, तोच हा गॅस. पण दिवा दिवसाही जळत राहिला तर गॅस वाया जाणार, आणि रोज विझवायला खडकावर कोण जाणार? १९०७ मध्ये दालेन यांनी सूर्य-झडप तयार केली. मधोमध एक काळा दांडा, भोवती तीन चकचकीत दांडे. उजाडलं की काळा दांडा प्रकाश शोषून किंचित लांब होतो आणि गॅस बंद करतो. अंधार पडला की तो आखडतो, गॅस सुरू. नुसती हवा तापली तर चारही दांडे सारखेच वाढतात, म्हणून झडप फसत नाही.

१९१२ मध्ये गॅसच्या टाक्यांची सुरक्षितता तपासताना स्फोट झाला आणि दालेन यांची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घ्यायला गेले त्यांचे भाऊ आल्बिन, जे स्वतः डोळ्यांचे डॉक्टर होते. हे वाचताना मी इथं थांबलोच.

दालेन मात्र थांबले नाहीत. १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपली आगा कंपनी सांभाळली. पत्नी एल्मा यांचे चुलीपाशी होणारे हाल त्यांना दिसत नव्हते, पण कळत होते. १९२२ मध्ये त्यांनी नवी शेगडी आणली. आत छोटासा विस्तव सतत धुमसता, बाहेर जाड बिडाचं लोखंड ती उष्णता साठवणारं, आणि ती निसटू नये म्हणून भोवती आवरण, वर जाड झाकणं.

मला आमच्या औसा तालुक्यातली आजी आठवली. रात्री ती निखारे राखेखाली झाकायची, सकाळी फुंकणीनं दोन फुंका मारल्या की चूल पेटायची. राख म्हणजे तिचं आवरणच की! फरक एवढाच, की धूर तिच्या डोळ्यांत जायचा आणि त्यावर यंत्र शोधायला आमच्या घरात कुणी बसलं नाही.

काल रात्री लातूरला लाईट गेली. हातातली स्क्रीन आपोआप मंद झाली, आणि मला दालेन आठवले.