आंब्रुआझ तार्द्यू

ऑग्यूस्त आंब्रुआझ तार्द्यू (१० मार्च १८१८ – १२ जानेवारी १८७९) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य फ्रेंच न्यायवैद्यकतज्ज्ञ होते. लहान मुलांना घरातच होणाऱ्या जीवघेण्या मारहाणीचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन त्यांनी केले.

तार्द्यू यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. त्यांचे वडील नकाशे व चित्रे कोरणारे कलावंत होते. १८६१ साली तार्द्यू पॅरिस येथे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक झाले. पुढे त्यांनी तेथील वैद्यक विद्याशाखेचे अधिष्ठातापद आणि १८६७ मध्ये वैद्यक अकादमीचे अध्यक्षपदही भूषविले.

== मुलांच्या मृत्यूंचा अभ्यास ==
१८६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तार्द्यू यांनी छळ झालेल्या ३२ मुलांची प्रकरणे मांडली. त्यांपैकी १८ मुले दगावली होती. भाजल्याच्या खुणा, मोडलेली हाडे, वेगवेगळ्या वेळी झालेले व्रण यांबरोबरच मेंदूच्या पृष्ठभागावर साकळलेल्या रक्ताची त्यांनी नोंद केली. मूल पडले, असे पालक सांगत. तार्द्यू मात्र हे स्पष्टीकरण शरीरावरील जखमांशी जुळते का, हे पाहत. त्यांच्या पद्धतीचे खरे महत्त्व या पडताळणीत आहे. कवटीखालील रक्त एकटे पुरेसे बोलत नाही: प्रसूतीच्या वेळी बसलेला दाब किंवा रक्त गोठण्यातील दोष यांमुळेही तसा रक्तस्राव होऊ शकतो, हे आज ज्ञात आहे.

पित्याचा अधिकार जवळजवळ निरंकुश मानणाऱ्या तत्कालीन समाजात या निबंधाची फारशी दखल घेतली गेली नाही. त्याच सुमारास जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी मेंदूवरील अशा रक्तस्रावाचे मूळ आवरणाच्या दाहात असल्याचे प्रतिपादन केले आणि पुढील अनेक दशके तेच मत प्रभावी ठरले. मुलांवरील क्रौर्यासाठी कडक शिक्षा देणारा फ्रेंच कायदा १८९८ मध्ये, तार्द्यू यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी आला. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये मेंदूवरील रक्तस्राव आणि हातापायांच्या हाडांचे अस्थिभंग एकत्र आढळतात, हे दाखविले. १९६२ मध्ये हेन्री केंप व सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकाचे लक्षणसमूह मांडले. फ्रेडरिक सिल्व्हरमन यांनी १९७२ मध्ये त्याला तार्द्यू यांचे नाव जोडले.

== मर्यादा ==
गुदमरून मेलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांवर दिसणारे रक्ताचे बारीक ठिपके हा गुदमरण्याचा निश्चित पुरावा असल्याचे तार्द्यू मानत. एका खुणेवर ठेवलेला हा विश्वास टिकला नाही. असे ठिपके इतर कारणांनी आलेल्या मृत्यूंतही आढळतात. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत ते अजूनही 'तार्द्यू ठिपके' याच नावाने ओळखले जातात. समलैंगिक पुरुष शारीरिक चिन्हांवरून ओळखता येतात, हा त्यांचा दावाही कालांतराने पूर्णपणे फेटाळला गेला.