रूझवेल्ट आणि त्यांची गलबते

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हडसन नावाची एक मोठी नदी आहे. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, या नदीच्या काठी, हाइड पार्क नावाचे गाव आहे. तेथील एका श्रीमंत घराण्यात ३० जानेवारी १८८२ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म झाला. पुढे ते चार वेळा आपल्या देशाच्या अध्यक्षपदी निवडून आले. हा मान त्यांच्यापूर्वी कोणास लाभला नव्हता आणि त्यांच्यानंतरही कोणास लाभला नाही. परंतु राजकारणाचा गंधही नव्हता तेव्हापासून एका गोष्टीने त्यांच्या मनात घर केले होते. ती गोष्ट म्हणजे शिडाची गलबते.

या प्रेमाचा उगम त्यांच्या आजोळी होता. त्यांच्या मातोश्री सारा यांचे वडील चीनशी व्यापार करीत. १८६२ साली, अगदी लहान वयात, सारा शिडाच्या जहाजातून हाँगकाँगला गेल्या होत्या. त्या प्रवासास सुमारे चार महिने लागले. आईच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी ऐकत फ्रँकलिन लहानाचा मोठा झाला. उन्हाळ्यात हे कुटुंब कॅनडाच्या किनाऱ्याजवळील कॅम्पोबेलो बेटावर राहावयास जाई. तेथे वडिलांच्या ‘हाफ मून’ या नौकेवर तो सुकाणू धरावयास शिकला. सोळाव्या वर्षी तर त्याला ‘न्यू मून’ नावाची एकवीस फूट लांबीची स्वतःची नौका मिळाली.

आरमारात जावे, असे त्याच्या मनात फार होते. परंतु आईवडिलांना ते पसंत नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे तो प्रथम ग्रोटनच्या शाळेत व नंतर हार्वर्ड विद्यापीठात शिकला. आरमारातील नोकरी हुकली, तरी आरमाराची ओढ काही सुटली नाही. जुन्या युद्धनौकांची चित्रे, त्यांवरील ग्रंथ आणि लाकडी प्रतिकृती जमविण्याचा छंद त्यास जडला. तो आयुष्यभर टिकला.

१९१० साली रूझवेल्ट राजकारणात शिरले आणि १९१३ साली आरमार खात्याचे उपमंत्री झाले. ज्या आरमारात त्यांना शिपाई म्हणून जाता आले नाही, त्याचाच कारभार त्यांच्या हाती आला. एकदा कॅम्पोबेलोजवळच्या खडकाळ आणि अरुंद पाण्यातून एक युद्धनौका आपण स्वतः नेतो, असे त्यांनी सुचविले. जहाजाच्या कप्तानास काळजी वाटली. वळण घेताना जहाजाची नाळ सुटली म्हणजे काम संपत नाही. मागचा भाग दुसऱ्या बाजूस झुकतो व तो खडकास लागण्याचे भय असते. परंतु वळणावर रूझवेल्ट यांनी मागे वळून त्या भागाकडे नीट पाहिले, तेव्हा कप्तानाची खात्री पटली की, हा गृहस्थ केवळ कचेरीत बसणारा नाही.

सर्व काही असे अनुकूल असता १९२१ साली घाला पडला. ऑगस्ट महिन्यात रूझवेल्ट मुलाबाळांसह कॅम्पोबेलो येथे होते. एक दिवस त्यांनी नौका चालविली, वाटेत लागलेला वणवा मुलांसह विझविला आणि थंडगार पाण्यात पोहून ते घरी परतले. त्याच संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. दुसऱ्या दिवशी एक पाय लुळा पडला आणि लवकरच दोन्ही पायांतील शक्ती गेली. काही काळ हातांचे अंगठेही चालेनात. लेखणी धरणे अशक्य झाले. हा रोग पोलिओ होता. त्या वेळी त्याच्यावर लस नव्हती आणि औषधही नव्हते. रूझवेल्ट यांचे वय अवघे एकोणचाळीस वर्षांचे होते.

पुढे हातांत बळ परत आले. पाय मात्र गेले ते गेलेच. मुलाने आता हाइड पार्कच्या घरी स्वस्थ राहावे, राजकारणाची दगदग करू नये, असे आईला वाटे. पत्नी एलिनॉर आणि जिवलग सहकारी लुई हाऊ यांना मात्र वाटे की, घरात कोंडून घेतले तर हा मनुष्य मनानेही पांगळा होईल. हाऊ हे मूळचे वृत्तपत्राचे बातमीदार. देहाने किरकोळ आणि दम्याने जर्जर, परंतु बुद्धीने अत्यंत तल्लख. त्यांनी आपल्या मित्राची साथ कधी सोडली नाही.

त्या कठीण दिवसांत या दोघा मित्रांनी एक काम हाती घेतले. ते लाकडाची छोटी गलबते करू लागले. ती हडसन नदीत सोडावयाची आणि त्यांची शर्यत लावावयाची, असा त्यांचा खेळ असे. एकाला चालता येत नव्हते, दुसऱ्याचा श्वास धड चालत नव्हता. परंतु त्यांची गलबते वाऱ्यावर भरधाव जात.

हा खेळ दिसतो तितका सोपा नाही. गलबत लहान असले, तरी त्याला मोठ्या जहाजाचेच नियम लागू पडतात. बुडाशी वजन कमी पडले, तर ते वाऱ्याच्या पहिल्याच झोताने कलंडते. डोलकाठी जागा सोडून जराशी पुढे वा मागे बसली, तर ते सरळ न जाता भलतीकडेच भरकटते. जुन्या जहाजांच्या हुबेहूब प्रतिकृती करणे तर याहूनही चिकाटीचे काम. तेथे मोठ्या जहाजाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीत केवळ पाव इंच, असे काहीतरी प्रमाण धरावे लागते. प्रथम तळाचा कणा, त्यावर बरगड्यांसारखी वाकविलेली लाकडे, त्यांवर पातळ फळ्या आणि मग डोलकाठ्या, अशा क्रमाने काम चालते. सर्वांत किचकट काम दोरांचे. काही दोर डोलकाठ्यांना ताणून उभे ठेवतात, तर काही दोरांनी शिडे वर चढवावी, उतरवावी वा फिरवावी लागतात. दोऱ्याची जाडीही प्रमाणात हवी. एक दोर अधिक ताणला, तर डोलकाठी वाकते व दुसरीकडचे दोर सैल पडतात. मग गाठी सोडून पुन्हा आरंभ करावा लागतो. तेथे घाई उपयोगाची नसते. रूझवेल्ट यांना हे सारे बारकावे अवगत होते. त्यांच्या संग्रहातील काही जहाजांचे दोर त्यांनी स्वतःच्या हातांनी नीट केले होते.

या छंदाने त्यांचे पाय बरे झाले नाहीत. परंतु जे गेले त्याचा शोक करीत बसण्याऐवजी, जे उरले त्याला काम देण्याची सवय त्यातून दृढ झाली. पायांच्या बाबतीतही त्यांनी हीच चिकाटी दाखविली. पायांना पोलादी पट्ट्या बांधून, कुबड्यांच्या आधाराने, घरापासून हमरस्त्यापर्यंत जाण्याचा ते दररोज प्रयत्न करीत. १९२४ साली न्यूयॉर्क येथे त्यांच्या पक्षाचे मोठे अधिवेशन भरले. हजारो लोकांच्या देखत, कुबड्यांवर भार देऊन, रूझवेल्ट व्यासपीठावरील अखेरची पावले एकटे चालून गेले. तोल गेला असता, तर त्यांची राजकीय कारकीर्द तेथेच संपली असती. परंतु ते पडले नाहीत.

त्याच वर्षी ते जॉर्जिया संस्थानातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे गेले. तेथील उष्ण झऱ्याच्या पाण्यात त्यांना पाय हलविता येत. आपल्याप्रमाणे इतर रुग्णांसही लाभ व्हावा, म्हणून १९२६ साली त्यांनी ती जागा विकत घेतली आणि तेथे उपचारांची सोय केली. १९२८ साली ते न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर म्हणून आणि १९३२ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

त्या समयी अमेरिकेत भयंकर मंदी होती. बँका बुडाल्या होत्या आणि लक्षावधी लोक बेकार झाले होते. रूझवेल्ट यांनी सरकारी कामे काढून लोकांना रोजगार दिला आणि वृद्धांना व बेकारांना आधार देणारा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी राष्ट्राचे नेतृत्व केले. भारतास स्वराज्य मिळावे, असेही त्यांनी ब्रिटनच्या पंतप्रधानांना सुचविले. मात्र त्यांची प्रत्येक कृती योग्य नव्हती. १९४२ साली त्यांच्या आज्ञेने जपानी वंशाच्या एक लाखाहून अधिक निरपराध लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. हा त्यांच्या कारकिर्दीवरील डाग होय.

राज्यकारभाराच्या या धकाधकीतही गलबते त्यांच्या दृष्टीआड झाली नाहीत. त्यांच्या कचेरीच्या भिंतींवर जहाजांची चित्रे असत आणि जवळच लाकडी प्रतिकृती मांडलेल्या असत. पुढे हाइड पार्क येथे त्यांनी आपल्या कागदपत्रांसाठी ग्रंथालय व संग्रहालय उभारून ते राष्ट्रास दिले. ते ३० जून १९४१ रोजी लोकांसाठी खुले झाले. आयुष्यभर जमविलेली जहाजे त्यांनी याच संस्थेच्या स्वाधीन केली.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट यांचे निधन झाले. हाइड पार्क येथील घराच्या गुलाबांच्या बागेत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. पोलिओच्या निर्मूलनासाठी १९३८ साली त्यांनी एक संस्था स्थापन केली होती. सामान्य लोकांनी, मुलांनीसुद्धा, दहा दहा सेंटांची नाणी पाठवून तिला साहाय्य केले. त्या पैशावर संशोधन चालले आणि पोलिओची लस तयार झाली. ही लस सुरक्षित व गुणकारी असल्याचे १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाले. त्या दिवशी रूझवेल्ट यांच्या मृत्यूस बरोबर दहा वर्षे झाली होती.

ज्या रोगाने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्याच्यावर मात करण्याचे कामही असेच झाले. गलबताच्या दोरांप्रमाणे एकेक गाठ बसवीत, चुकलेली गाठ सोडून पुन्हा मारीत, अनेक हातांनी ते तडीस नेले. रूझवेल्ट यांना त्याची अखेर पाहता आली नाही. परंतु त्याचा आरंभ त्यांनी केला होता.